शहर उत्तरेला ठेवा: साताऱ्याभोवती काळोखं आकाश कसं शोधायचं

आकाशनिरीक्षणाला नव्याने लागलेली मंडळी पहिला प्रश्न हमखास विचारतात, 'किती लांब जायचं?' त्याआधी 'कुठल्या बाजूला जायचं' हे ठरवायला हवं. साताऱ्यासारख्या छोट्या शहराजवळ राहणाऱ्याला अंतराची चिंता तशी कमीच. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापं करून एक ढोबळ नियम बसवला: अंतर दुप्पट केलं की शहराच्या बाजूच्या आकाशातला उजेड निम्मा होत नाही, साधारण साडेपाच पटींनी घटतो. पुण्याची वस्ती साताऱ्याच्या चाळीसेक पट धरली, तर सातारकराला पंचवीस किलोमीटरवर मिळणाऱ्या अंधारासाठी पुणेकराला शंभराच्या पुढे गाडी हाकावी लागते. ही आपली मोठी सोय आहे, आणि चुकीच्या दिशेला गेलं की ती वाया जाते.

हे मार्गदर्शन साताऱ्याचं आहे. सांगली, अहिल्यानगर, धुळे अशा ठिकाणच्या वाचकांनी गावांची नावं बदलावीत, रीत तीच राहते.

आधी दिशा ठरवा

सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही थोडा खाली. उत्तरेकडचं बरंचसं आकाश आपल्याला कायम तिरकं, क्षितिजाजवळच्या धुळीतून बघावं लागतं. दक्षिणेला मात्र आपली चंगळ आहे. अगस्त्याचा ठळक तारा इथून सुमारे वीस अंश वर येतो, त्रिशंकू हा क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह अख्खा दिसतो, त्याच्या शेजारचे मित्र-मित्रक हे दोन ठळक तारे दिसतात, आणि ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ पंचवीस अंशांच्या आसपास चढतो. लंडन-न्यूयॉर्कच्या निरीक्षकांना घरबसल्या यातलं काहीच मिळत नाही. वृश्चिक आणि धनू, म्हणजे आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग, तोही दक्षिणेलाच.

म्हणून पहिला नियम: शहर पाठीमागे, उत्तरेला ठेवायचं. तुम्ही शहराच्या उत्तरेला जाऊन थांबलात, तर नेमक्या दक्षिण क्षितिजावर शहराच्या उजेडाचा पिवळट घुमट बसतो आणि त्रिशंकू त्यात बुडतो. तेवढंच अंतर दक्षिणेला गेलात, तर तो घुमट ध्रुवाखाली जातो. तिथे तसंही बघण्यासारखं फार नसतं.

दुसरा नियम साताऱ्यापुरता: महामार्गाला काटकोनात जा. पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या पूर्व बाजूने उत्तर-दक्षिण जातो आणि उजेडाची माळही त्याच्याबरोबर जाते. ढाबे, पेट्रोलपंप, टोलनाके, एमआयडीसी, उड्डाणपुलांखालचे हायमास्ट. महामार्गाने कराडकडे तीस किलोमीटर गेलात, तर साताऱ्याचा उजेड सोडून कराडच्या उजेडात शिरता, एवढंच. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, रस्त्यालगतच्या साखर कारखान्यांचे फ्लडलाइट रात्रभर चालू असतात. आणि नेमका तोच काळ आपल्या निरीक्षणाचा.

ही दिशेची गोष्ट नकाशापेक्षा डोळ्यांनी लवकर कळते. एखाद्या निरभ्र संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात वर जा आणि दिवे लागल्यावर तासभर चौफेर बघा. खाली शहर, पलीकडे महामार्गाची पट्टी, त्याच्या मागे कोरेगावकडचा फिकट उजेड. मग पश्चिमेला वळून बघा. फरक सांगावा लागणार नाही.

नकाशा बघा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका

इंटरनेटवर प्रकाशप्रदूषणाचे रंगीत नकाशे फुकट मिळतात. पांढरा-लाल म्हणजे शहर, मग पिवळा, हिरवा, निळा, आणि करडा-काळा म्हणजे उत्तम. यातल्या बहुतेकांच्या मुळाशी 'व्हीआयआयआरएस' या उपग्रहावरच्या उपकरणाची मोजणी असते. जागांची तुलना करायला ते चांगले आहेत, पण त्यांच्या दोन खोडी माहीत असाव्यात.

एक, हे उपकरण निळसर प्रकाश जवळजवळ टिपतच नाही. ग्रामपंचायतींनी गेल्या काही वर्षांत पिवळे सोडियम दिवे काढून पांढरेशुभ्र एलईडी बसवले. त्या दिव्यांच्या प्रकाशातला निळा भाग आकाशात सगळ्यात जास्त विखुरतो आणि उपग्रहाला तोच दिसत नाही. त्यामुळे नकाशावर एखादं गाव जुन्यापेक्षा अंधारं झालेलं दिसेल आणि प्रत्यक्षात आकाश उजळलेलं असेल. दोन, उपग्रह आपल्याकडून मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो. तोवर दुकानांच्या पाट्या, मंगल कार्यालयं, मैदानं बंद झालेली असतात. तुम्ही साडेआठला जाणार असाल, तर नकाशापेक्षा वाईट आकाश धरून चला.

नकाशावर डाग नसलेली एक-दोन ठिकाणं निवडली, की तीच ठिकाणं उपग्रह-छायाचित्रात मोठी करून बघा. गाडी लावायला मोकळी जागा आहे का, रस्ता पुढे कुठल्या रिसॉर्टच्या गेटवर संपतो का, दक्षिणेला डोंगर आडवा आहे का. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी काळोख उत्तम असतो, पण ती दरी आहे. त्रिशंकूचा सगळ्यात खालचा तारा साताऱ्याच्या अक्षांशावर जास्तीत जास्त नऊ अंश वर येतो. दक्षिणेचा डोंगर एका मुठीएवढा, म्हणजे दहा अंशांचा असला, तरी तो तारा गेला.

रात्र निवडा

भिंतीवरची मराठी दिनदर्शिका इथे अ‍ॅपपेक्षा कामाची. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस आपले. शुद्ध चतुर्थीपर्यंत चंद्रकोर रात्री फार वेळ टिकत नाही. वद्य पक्षात हिशोब आणखी सोपा: संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत गावानुसार छापलेली असते, त्यात रोज पाऊण-पाऊण तास मिळवत जा. संकष्टीला नऊच्या पुढेमागे उगवणारा चंद्र अष्टमीला मध्यरात्रीकडे सरकतो, दशमीला त्याच्याही पुढे. तेवढा वेळ तुमचा.

सूर्यास्त झाला म्हणजे अंधार झाला असं नाही. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश पूर्ण सरायला सव्वा तास लागतो. पोचायचं मात्र उजेड असतानाच. जागा उजेडात पाहिलेली असावी, यावर मी ठाम आहे.

ऋतूंचं गणित पश्चिम आणि पूर्व सातारा जिल्ह्यात वेगळं आहे. जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरात पश्चिमेच्या पठारांवर अजून धुकं आणि दहिवर असतं, तर माण-खटावकडे आकाश मोकळं झालेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे चांगलं. मार्चपासून धूळ आणि वणव्यांचा धूर, मे महिन्यात वळवाचे ढग. तरी एप्रिल सोडू नका. एप्रिलअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास त्रिशंकू दक्षिणेला बरोबर उभा असतो आणि पहाटेकडे आकाशगंगेचा मध्यभाग वर येतो.

ढगांसाठी दुपारी हवामान खात्याचं उपग्रहचित्र बघा. पठारावर जाणार असाल तर आर्द्रताही बघा. संध्याकाळी ती नव्वदीकडे निघाली असेल, तर घरी बसलेलं बरं.

कुठे जायचं

सज्जनगडापासून सुरुवात करायला हरकत नाही. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून परळीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पायथा येतो. जागा शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे दिशा बरोबर. गडावर देवस्थानाचे दिवे असतात, त्यामुळे हे पहिल्या सरावाचं ठिकाण समजा. वाटेतल्या एखाद्या ओळखीच्या शेतात बसलात तरी नक्षत्रं ओळखण्यापुरतं आकाश मिळतं, आणि घर जवळ असतं.

त्याच रस्त्याने पुढे ठोसेघर, आणि त्याच्या वर चाळकेवाडीचं पठार. माझ्या मते नवख्यांसाठी साताऱ्याजवळची सगळ्यात चांगली जागा हीच. शहर ईशान्येला राहतं, डोंगराच्या मागे, आणि दक्षिणेला पाटणच्या बाजूचं क्षितिज जवळजवळ खालपर्यंत मोकळं मिळतं. पवनचक्क्यांचा त्रास आहे. काहींच्या डोक्यावर लाल दिवे लुकलुकतात आणि पात्यांचा घूं-घूं आवाज रात्री चांगलाच जाणवतो. पण लाल दिव्याने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही, आणि पवनचक्क्यांमुळेच पठारावर गाडी जाणारे रस्ते झालेत. पवनचक्कीच्या थेट खाली किंवा कंपनीच्या फाटकासमोर गाडी लावू नका. पहारेकरी येतो, टॉर्च मारतो आणि डोळ्यांना अंधाराची सवय लावण्यात घालवलेला अर्धा तास एका क्षणात वाया जातो. वारा मात्र भयंकर. जानेवारीत कानटोपीशिवाय तिथे बसवत नाही.

कासचं नाव सगळे घेतात. सुमारे १,२०० मीटरची उंची, पश्चिमेला कोयनेचं जंगल, अंधार नक्कीच आहे. पण पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, फुलांच्या हंगामात प्रवेशाला वेळेची बंधनं असतात, आणि कातळावरच्या वीतभर मातीत उगवणाऱ्या वनस्पतींवर अंधारात चटई अंथरणं कुठल्याही हंगामात चूकच. शिवाय रात्री त्या रस्त्याला गवे असतात. काळा गवा काळ्या रस्त्यावर हेडलाइटमध्येही उशिराच दिसतो. कासच्या बाजूला जायचंच असेल, तर रस्त्यावरच्या एखाद्या निवासाच्या अंगणातून किंवा गच्चीवरून बघा. पश्चिमेचं मोकळं क्षितिज ही तिथली खरी कमाई. फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश सरल्यावर पश्चिमेला वर निमुळता होत जाणारा फिकट उजेडाचा सुळका दिसला, तर त्याला चिपळूणचे दिवे समजू नका. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश असतो, आणि तो दिसला म्हणजे तुमची जागा पास झाली.

पूर्वेचा पर्याय लोकांना सुचत नाही. पंढरपूर रस्त्याने कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव ओलांडून दहिवडीकडे निघालात, की डोंगर उतरतात आणि आकाश क्षितिजापर्यंत उघडतं. हवा कोरडी, दहिवर कमी, चष्मा-दुर्बिणीला धुकं धरत नाही. अंतर जास्त, पन्नास-साठ किलोमीटर, पण घाटरस्ता कमी. मुख्य रस्ता सोडून दोन-तीन किलोमीटर आत, एखाद्या माळावर जायचं. वस्तीवरच्या घरांचे दिवे लांबून मोजके दिसतात. हल्ली काही शेतकरी ड्रॅगनफ्रूटच्या बागेत रात्री बल्ब लावतात, हंगामाबाहेर फळ धरावं म्हणून. ते उपग्रहाच्या जुन्या नकाशात नसतात आणि अर्धा माळ उजळून टाकतात. म्हणून दिवसाची पाहणी इथेही हवीच, आणि जमल्यास रात्रीची एक चक्करही.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक ओळ: नागपूरजवळचा पेंच व्याघ्रप्रकल्प २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. तुम्हाला जागा शोधायचीच गरज नाही.

माणसांशी आधी बोला

ही पायरी वगळून केलेल्या सहली बिघडतात. रात्री अकराला माळावर चार अनोळखी लोक, हातात लाल टॉर्च, तिवईवर काहीतरी नळकांडं. गावकऱ्याने काय समजावं? चोरांच्या आणि ड्रोनच्या अफवांनी गावोगावी रात्रीच्या गस्ती लागलेल्या आपण पाहिल्यात. जाण्याआधी दिवसा गावात चहा प्या, पोलीस पाटलांना भेटा, ज्याच्या शेताच्या बांधावर बसणार त्याला विचारा. नाव, गाव आणि गाडीचा नंबर देऊन ठेवा.

शेतीपंपांना आलटून-पालटून रात्रीची थ्री फेज असते, त्यामुळे मध्यरात्रीही शिवारात कुणीतरी पाणी पाजत असतंच. लांबून हाक येते, "कोण हाय रं तिकडं?" गप्प बसू नका, टॉर्चही मारू नका. जागेवरूनच मोठ्याने सांगा, "काका, आम्ही साताऱ्याचे, चांदण्या बघाय आलोय, पाटलांना सांगितलंय." काका जवळ येतात, पाच मिनिटं संशयाने बघतात, मग दुर्बिणीला डोळा लावतात. ज्यांनी आयुष्यभर रात्री रानात काढल्या, त्यांना कृत्तिका आणि व्याध ओळखून दाखवावे लागत नाहीत. उलट पाऊसपाण्याची नक्षत्रं तुम्हालाच ऐकायला मिळतात.

बायका-मुलं बरोबर असतील, किंवा पहिलीच वेळ असेल, तर सरळ एखादं घरगुती निवासस्थान किंवा कृषी पर्यटन केंद्र गाठा. फोनवर खोली, जेवण विचारण्याआधी एकच प्रश्न: "दादा, रात्री दहानंतर अंगणातले दिवे बंद कराल का?" समोरून बहुधा येतं, "सगळेच? सापबिप निघाला तर?" शंका रास्त आहे. आम्ही जिन्याजवळचा एक दिवा चालू ठेवू, त्यावर लाल कागद गुंडाळू, आणि बाकीचे दोन तासांसाठी बंद, असं ठरवून घ्या. जो मालक याला तयार होत नाही, तिथे जाऊ नका. कितीही काळोख्या गावात असलं, तरी डोक्यावर हॅलोजन असेल तर ते शहरच.

कुणाच्याच ओळखीचं काही नसेल, तर संस्थांच्या कार्यक्रमाला जाऊन या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ रात्रभराचे कार्यक्रम घेतं. जाणत्याबरोबर काढलेली एक रात्र अ‍ॅपवरच्या महिनाभराच्या खटपटीपेक्षा जास्त शिकवते.

काय न्यायचं

फार नाही. जाड चटई, पांघरूण, पाणी, खाऊ, पॉवर बँक. पायात घोट्याच्या वरचे बूट, कारण कातळ-माळांवर फुरसं असतं आणि ते दगडाच्या रंगात मिसळून जातं. बसण्याआधी जागा काठीने आपटून घ्या. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी गुंडाळून रबरबँड लावा. स्टेशनरीच्या दुकानात तो किरकोळ पैशांत मिळतो. मोबाइलची स्क्रीन लाल करण्याची सोय स्टेलॅरियमसारख्या अ‍ॅपमध्ये असते, ती घरीच चालू करून बघा.

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. साधी १०×५० किंवा ८×४० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) पहिलं वर्षभर पुरते. ऑनलाइन '५२५ पट वर्धन' असं छापलेल्या स्वस्त दुर्बिणीत पैसे घालू नका. फोटोची खटपट पहिल्या रात्री तर नकोच.

पोचल्यावर

गाडी अशी लावा, की निघताना मागे न घेता थेट रस्त्याला लागता येईल. रिव्हर्सचे पांढरे दिवे सगळ्यांचे डोळे घालवतात. आतला दिवा बंद करा, किल्ली एकाच्याच खिशात ठेवा. मग अर्धा तास कुठलाही पांढरा प्रकाश नाही. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला एवढा वेळ लागतोच, आणि एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने घड्याळ परत शून्यावर जातं.

आता जागेची परीक्षा. परदेशी पुस्तकं ध्रुवताऱ्याच्या ध्रुवमत्स्य तारकासमूहातले तारे मोजायला सांगतात. आपल्याकडे ते फार खाली असल्याने जागेपेक्षा धुळीचंच मोजमाप होतं. त्याऐवजी डोक्यावरचं काहीतरी घ्या. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेआठच्या सुमारास पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्यावर असतो. त्याच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. एकही नाही किंवा एखादाच, तर तुम्ही अजून शहरातच आहात. पाच-सहा दिसले तर जागा चांगली. डझनाकडे गेलात तर पत्ता जपून ठेवा. मार्चमध्ये रात्री साडेनऊला पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ माथ्याजवळ असतो. दुर्बिणीशिवाय तो धुरकट ठिपक्यासारखा दिसला पाहिजे.

चौकोन सापडलाच आहे, तर देवयानी दीर्घिकाही, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगाही, बघून घ्या. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येला निघालेल्या ओळीतला दुसरा ठळक तारा गाठा. तिथून काटकोनात, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या 'एम' आकाराकडे वळा. एक मंद तारा, त्यापुढे आणखी मंद तारा, आणि त्याच्या अगदी शेजारी लांबट धूसर डाग. नजर थेट त्याच्यावर रोखली तर तो नाहीसा होतो. जरा बाजूला बघितलं की परत येतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात. ती देवयानी दीर्घिका. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

घरी गेल्यावर वहीत तारीख, तिथी, वेळ, चौकोनातले तारे, कुठल्या बाजूला उजेडाचा घुमट आणि किती मुठी उंच, एवढं लिहा. वर्षभरात आपल्या भागाचा असा नकाशा तयार होतो, जो कुठल्याही संकेतस्थळावर नाही. नवा हायमास्ट लागला, की तोही याच वहीत पहिल्यांदा कळतो, आणि उजेड फक्त खाली पाडणारे झाकणाचे दिवे मागायला ग्रामपंचायतीत जाताना हीच वही कामाला येते.

परतीचा घाट मध्यरात्रीनंतर उतरायचा असेल, तर चालवणाऱ्याने अकराच्या पुढे आकाश बघत बसू नये, तासभर तरी झोपावं. नाहीतर सगळ्यांनीच उजाडेपर्यंत थांबावं. मधल्या वेळी, तीन-चारला डोळ्यांवर झापड असताना, ठोसेघरच्या रस्त्यावरच्या बोरणे घाटाच्या वळणांवर गाडी घालू नका.